उजवा गुडघा, डावा गुडघा

गुडघ्याचा सांधा बदलून घेतलेल्या माणसाला वर्षातून चार-पाच तरी फोन येतातच. इकडची तिकडची चौकशी झाली की पलीकडचा आवाज जरा खाली येतो आणि विचारतो, "खरं सांगा, फार दुखतं का हो?" मला हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक वेळा विचारला जातो, कारण माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत आणि तेही एकाच वेळी नव्हे. उजव्याची शस्त्रक्रिया जानेवारी २०१७ मध्ये झाली आणि डाव्याची नोव्हेंबर २०२३ मध्ये. मधल्या जवळजवळ सात वर्षांत शस्त्रक्रिया मूलतः तीच राहिली, परंतु तिच्यानंतरच्या वेदनेला हाताळण्याची रीत इतकी बदलली, की एकाच शरीरावर दोन निरनिराळे प्रयोग झाल्यासारखे मला वाटते. एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे नोंदी ठेवण्याची खोड अंगात मुरलेली आहे. दोन्ही वेळी मी वही ठेवली होती आणि आजचे हे लिखाण त्या दोन वह्यांवरूनच केलेले आहे. अर्थात मी डॉक्टर नाही. शिवाय पहिल्या वेळी मी एकसष्ट वर्षांची होते आणि दुसऱ्या वेळी अडुसष्ट, म्हणजे प्रयोगातली एक अट आधीच मोडलेली होती. (२०१७ मध्ये परिचारिका मला काकू म्हणत होत्या, २०२३ मध्ये आजी म्हणू लागल्या, ही नोंददेखील वहीत आहे.)

आधी त्या वेदनेविषयी सांगते. उजव्या गुडघ्याच्या वेळी शेजारच्या खाटेवर खुब्याचा सांधा बदललेल्या एक बाई होत्या. त्या दुसऱ्याच दिवशी वॉकर घेऊन दारापर्यंत जाऊन आल्या, तेव्हा मला स्वतःच्या नाजूकपणाची लाज वाटली होती. त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते, हे पुढे कळले. खुब्याभोवती मांसल भाग भरपूर असतो आणि चालण्यापुरती हालचाल झाली तरी पहिल्या आठवड्यात तेवढ्यावर भागते. गुडघ्याभोवती कातडी घट्ट ताणलेली असते, सूज आली की तिला पसरायला जागा नसते आणि सर्वांत वाईट म्हणजे दुखत असतानाच तो वाकवावा लागतो. पहिल्या काही आठवड्यांत वाकला नाही तर तो आतून आखडत जातो. त्यामुळे गुडघ्याच्या बाबतीत वेदनाशमन म्हणजे नुसते रुग्णाला शांत झोपवणे नसते. दुखऱ्या सांध्याला कामाला लावता येईल इतपत वेदना खाली आणणे आणि तसे करताना मांडीच्या स्नायूंची ताकद शाबूत ठेवणे, अशी ती दुहेरी कसरत असते.

रुग्णालयात दर चार-सहा तासांनी कोणीतरी येऊन विचारते, "दहापैकी किती?" शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य. ही पद्धत जगभर चालते आणि तिचा उपयोगही आहे, पण प्रश्न विचारला जातो तेव्हा रुग्ण बहुधा उताणा पडलेला असतो. मी पहिल्याच दिवशी वहीत दोन रकाने आखले होते. एकावर 'पडून' असे लिहिले आणि दुसऱ्यावर 'वाकवताना'. या दोन रकान्यांत एकाच तासाला तीन आणि आठ असे आकडे पडू शकतात आणि डॉक्टरांच्या कागदावर मात्र तीनच जातो. पुढे पुढे मी आकड्यासमोर शब्दही लिहू लागले, कारण आपल्या भाषेत दुखण्याला शब्दांची वाण नाही. संध्याकाळी सूज चढल्यावर जो लागतो तो ठणका. वाकवताना वाटीच्या खालून मांडीत जाते ती कळ. कूस बदलताना येते ती सणक. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला, कातडीवर मुंग्या चालाव्यात तशी जी होते ती आग. हे केवळ भाषेचे कौतुक म्हणून सांगत नाही. ठणका बर्फाने आणि पाय उंच ठेवल्याने उतरत असे. कळ गोळीची वेळ साधली तरच सोसवत असे. आग मात्र यांपैकी कशालाही दाद देत नसे आणि ती आपली आपण, काही महिन्यांनी, विझली. एकाच आकड्यात ही चारही दुखणी कोंबली, तर कोणत्या उपायाने काय साधले ते कधीच समजणार नाही.

उजव्या गुडघ्याच्या वेळी मुख्य भरवसा एपिड्यूरलवर होता. पाठीच्या मणक्यांमधून, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत, दोऱ्याइतकी बारीक नळी सरकवून ठेवतात आणि पंपाच्या साहाय्याने तिच्यातून बधिर करणारे औषध संथपणे सोडत राहतात. माझ्या पंपात त्याच्या जोडीला अफूवर्गातले फेंटॅनिलही थोडेसे होते. पहिल्या दोन दिवसांत 'पडून'च्या रकान्यात एक, एक, दोन, एक असे आकडे आहेत. यजमानांनी सर्व नातेवाइकांना फोन करून सांगितले, की हिला काहीच दुखत नाही. ते खरेही होते. परंतु 'वाकवताना'चा रकाना त्या दोन्ही दिवशी जवळजवळ कोरा आहे, कारण वाकवण्याचा प्रयत्नच फारसा झाला नाही. एपिड्यूरल केवळ शस्त्रक्रियेच्या पायाला बधिर करत नाही, बऱ्याचदा चांगला पायही जड होतो. माझे दोन्ही पाय वाळूच्या पोत्यांसारखे खाटेवर पडून होते. उभे करायला गेले तर रक्तदाब खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असे. लघवीची नळी होती. नाकाच्या शेंड्याला सारखी खाज सुटत होती, ती फेंटॅनिलमुळे, हे नंतर समजले. शिवाय रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटावर जे इंजेक्शन देतात, त्याची आणि पाठीतली नळी काढण्याची वेळ जुळवावी लागते, नाहीतर मणक्यात रक्तस्राव होण्याचा धोका असतो. या सगळ्या व्यवस्थेत मी पहिल्यांदा उभी राहिले ती तिसऱ्या दिवशी दुपारी.

आणि त्याच दिवशी सकाळी नळी काढलेली होती. दोन दिवस जी वेदना दाराबाहेर थांबवून ठेवली होती ती आत आली, आणि नेमक्या त्याच वेळी फिजिओथेरपिस्टही आत आले. मग डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन, सलाईनमधून अफूवर्गातलेच ट्रॅमाडॉल आणि रात्री नसांच्या वेदनेवरची प्रीगाबालिनची गोळी असा क्रम लागला. ट्रॅमाडॉलने कळ कमी होत असे, पण त्याच्या पाठोपाठ मळमळ येई. तिसऱ्या दिवसाच्या नोंदीत 'वाकवताना ८, उलटी दोनदा, उपमा वाया' एवढेच लिहिलेले आहे, आणि अक्षर माझे असले तरी माझे वाटत नाही. प्रीगाबालिनने झोप लागली, परंतु पहाटे उठून कमोडच्या खुर्चीपर्यंत जाताना अशी घेरी आली की मुलीने धरले नसते तर नवा गुडघा घेऊन मी फरशीवर पडले असते. त्या काळात ही गोळी गुडघेबदलानंतर सर्रास दिली जात असे. नंतर झालेल्या अभ्यासांत तिचा फायदा अगदीच माफक आणि गुंगी-चक्कर मात्र निश्चित, असे दिसत गेल्यामुळे वयस्क रुग्णांना ती सरसकट देण्याकडचा कल आता कमी झाला आहे.

ट्रॅमाडॉलचा आणखी एक हिशेब राहिला. पाच दिवस पोट साफ झाले नाही. घरून इसबगोल आणले, आणि ते चुकीचे होते. अफूवर्गातली औषधे आतड्यांची हालचालच मंद करतात, अशा वेळी नुसता चोथा वाढवला, आणि तोही पाणी कमी पीत असताना, तर कोंडी आणखी वाढते. अशा बद्धकोष्ठतेला लॅक्टुलोजसारखे पातळ औषध किंवा आतड्याला चालना देणारे औषध लागते आणि ते पहिल्या गोळीबरोबरच सुरू करणे शहाणपणाचे असते. हे मला सहाव्या दिवशी कळले. शल्यकर्माच्या वेदनेबद्दल सगळे विचारतात, पण त्या पाचव्या दिवसाबद्दल कोणी विचारत नाही.

डाव्या गुडघ्याच्या वेळी परिस्थिती वेगळी होती. मधल्या काळात माझे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.४ पर्यंत वर गेले होते आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन सुरू झाले होते. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब, केटोरोलॅक ही सगळी एकाच कुळातली औषधे सूज आणि वेदना उत्तम कमी करतात, परंतु मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा ज्या रसायनांच्या आधाराने चालतो त्यांनाही ती रोखतात. टेल्मिसार्टनही मूत्रपिंडातील रक्तदाबावर परिणाम करते. दोन्ही एकत्र आली आणि त्यात शस्त्रक्रियेमुळे अंगातले पाणी कमी झाले, तर मूत्रपिंड बसण्याची भीती असते. हे सर्व मला शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाईंनी सांगितले. त्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या, संमतिपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी एक मांडी आणि गुडघा काढला आणि त्यावर पेनाने तीन ठिपके दिले. तो कागद फाइलला लागायचा असल्यामुळे मला ठेवून घेता आला नाही, म्हणून मी ते चित्र वहीत उतरवून घेतले.

पहिला ठिपका जांघेत होता. तिथे मांडीची मोठी नस, म्हणजे फिमोरल नर्व्ह, बधिर करण्याची जुनी रीत होती. वेदना छान थांबायची, पण त्याच नसेवर मांडीचा पुढचा स्नायू चालतो. रुग्ण आत्मविश्वासाने उठायचा आणि गुडघ्यात दुमडून खाली यायचा. दुसरा ठिपका मांडीच्या मध्यावर, आतल्या बाजूला होता. तिथे अ‍ॅडक्टर कॅनॉल नावाची एक बोगद्यासारखी वाट आहे आणि तिच्यातून जाणारी सॅफेनस नस मुख्यतः संवेदनेची आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत तिथे औषध सोडले, की गुडघ्याच्या पुढच्या आणि आतल्या बाजूची वेदना कमी होते आणि मांडीची ताकद बऱ्याच अंशी टिकते. "मग मागची बाजू?" असे मी विचारले, तेव्हा बाई हसल्या आणि तिसरा ठिपका त्यांनी थेट सांध्यातच दिला. "तिथे सर्जन कॉकटेल भरतील."

हे कॉकटेल म्हणजे शस्त्रक्रिया संपत आली असताना, टाके घालण्यापूर्वी, शल्यविशारदाने सांध्याभोवतीच्या उतींमध्ये, मागच्या आवरणापासून पुढच्या स्नायूपर्यंत, ठिकठिकाणी टोचलेले औषधांचे मिश्रण. त्यात दीर्घकाळ टिकणारे बधिरक असते, रक्तवाहिन्या आकसून ते जागेवर धरून ठेवणारे अ‍ॅड्रिनलिन असते आणि सूज उतरवणारे एखादे औषध असते. माझ्या मिश्रणातून केटोरोलॅक वगळले होते. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील केर आणि कोहान या डॉक्टरद्वयीने आपली पद्धत २००८ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिचा जगभर बोलबाला झाला. अमेरिकेत चित्तरंजन राणावत यांच्या नावाने ओळखले जाणारे मिश्रणही आहे. हे तेच राणावत, ज्यांनी ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला होता आणि पुढच्या जूनमध्ये उजवा. त्या दिवसांत आमच्या शिक्षक-खोलीत प्रत्येक जण गुडघ्याच्या शरीररचनेवर अधिकारवाणीने बोलत असे. मी तर विज्ञानाची शिक्षिका, त्यामुळे मीही त्यात मागे नव्हते. आपली पाळी येईल असे तेव्हा वाटले नव्हते.

या सगळ्याच्या मुळाशी जो विचार आहे तो तसा जुना आहे. डेन्मार्कमधील शल्यविशारद हेन्रिक केलेट आणि त्यांचे सहकारी दाल यांनी १९९३ मध्ये मांडले होते, की एकाच जबर औषधावर विसंबण्याऐवजी वेगवेगळ्या जागी काम करणारी अनेक औषधे थोड्या थोड्या मात्रेत वापरली, तर वेदनाही अधिक उतरते आणि प्रत्येकाचे दुष्परिणामही आटोक्यात राहतात. आमटीत नुसती मिरची वाढवून चव येत नाही, हे स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक असते. माझ्या डाव्या गुडघ्याची फोडणी अशी होती: पाठीत एकच इंजेक्शन, मांडीत ब्लॉक (म्हणजे दुसऱ्या ठिपक्यावर नस बधिर करणे), सांध्यात कॉकटेल, शिरेतून डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची एक मात्रा, आणि नंतर दर सहा तासांनी एक ग्रॅम पॅरासिटामॉल. ट्रॅमाडॉल हाताशी ठेवलेले होते, पण अगदीच लागले तर. मांडीला आवळायचा पट्टाही या वेळी फक्त नवा सांधा पक्का करणारे सिमेंट बसवण्यापुरताच लावला गेला. उजव्याच्या वेळी तो शस्त्रक्रिया संपेपर्यंत होता आणि गुडघ्याइतकीच मांडीही पुढे आठवडाभर काळीनिळी होऊन ठसठसत होती. पट्टा वापरल्याने पहिल्या दिवशीची वेदना वाढते, असे वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० मधील आढाव्यातही नमूद आहे.

शस्त्रक्रिया सकाळी दहा वाजता झाली. त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला मी वॉकर धरून उभी होते आणि खिडकीपर्यंत सहा पावले जाऊन आले. पडून १, वाकवताना ३. मी मुलीला सांगितले, की सात वर्षांत विज्ञान कुठच्या कुठे गेले. रात्री वरणभात जेवले आणि झोपले.

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी मला जाग आली. नुसती जाग आली असे म्हणणे सौम्य होईल. गुडघ्याच्या आत कोणीतरी तापलेली सांडशी धरून पिळत आहे, अशी ती कळ होती. ब्लॉकचा अंमल बारा ते चोवीस तास असतो आणि माझा पहाटेपर्यंत संपला होता. कॉकटेलही त्याच सुमारास ओसरले असावे. दोन्ही बांध एकाच वेळी फुटले. याला भूलशास्त्रात उसळून येणारी वेदना म्हणतात आणि ती नवलाची गोष्ट नाही, तिची वेळ साधारणपणे आधीच ठाऊक असते. मध्यरात्री बारा वाजता पॅरासिटामॉलची बाटली लागायची होती, ती लागली नव्हती. "आजी, तुम्ही इतक्या गाढ झोपला होतात, उठवावंसं वाटलं नाही," असे रात्रपाळीच्या परिचारिका म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरोखरच माया होती आणि म्हणून मला रागवताही येईना. मग ती बाटली लागली, ट्रॅमाडॉलही द्यावे लागले, आणि तरी वेदना खाली यायला पहाटेचे पाच वाजले. वहीत त्या दोन तासांसमोर ९ असा आकडा आहे. उजव्या गुडघ्याच्या संपूर्ण वहीत नऊ कोठेही नाही.

त्यामुळे कोणी मला विचारते, की एपिड्यूरल चांगले की ब्लॉक, तेव्हा माझे उत्तर जरा लांबते. चालण्याच्या दृष्टीने, लघवीच्या नळीपासून सुटका होण्याच्या दृष्टीने आणि रक्तदाबाच्या दृष्टीने ब्लॉक आणि कॉकटेल यांची जोडी निःसंशय सरस आहे. डाव्या वेळी मी चौथ्या दिवशी घरी आले, उजव्या वेळी आठव्या. नव्वद अंशांपर्यंत गुडघा वाकायला उजव्याला अठरा दिवस लागले, डाव्याला अकरा. परंतु ब्लॉक हे उसने घेतलेले सुख असते आणि त्याची परतफेड ठरावीक तासाला करावी लागते. त्या तासाच्या आधी गोळी पोटात किंवा औषध शिरेत गेलेले हवे. झोपमोड झाली तरी चालेल. पुढच्या रात्री मी मोबाइलमध्ये बारा आणि सहाचे गजर लावले आणि परिचारिकेच्या आधी स्वतःच जागी होऊन बसले. ५ च्या वर आकडा पुन्हा गेला नाही.

पॅरासिटामॉलला आपण फार हलके समजतो. "नुसती डोलो काय देताय," असे माझ्या समोरच्या खाटेवरचे आजोबा डॉक्टरांना सुनावत होते. पण ठरावीक वेळेला, न चुकवता घेतलेले पॅरासिटामॉल आणि दुखल्यावर घेतलेले पॅरासिटामॉल ही जणू दोन वेगळी औषधे आहेत. मात्र त्यालाही मर्यादा आहे. धडधाकट प्रौढाला दिवसाकाठी चार ग्रॅमच्या वर ते जाता कामा नये, आणि वजन कमी असेल, यकृत नाजूक असेल तर त्याहून कमीच. येथे एक फसवी जागा आहे. ट्रॅमाडॉलची जी जोडगोळी आपल्याकडे सर्वत्र मिळते तिच्यात ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतेच, आणि सर्दीच्या गोळीतही बहुधा असते. हे सगळे एका बेरजेत धरावे लागते. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याखाली आल्यामुळे डाव्या गुडघ्याच्या वेळी औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवल्याशिवाय पट्टी मिळाली नाही. यजमान चिठ्ठी घरी विसरले होते, त्यामुळे त्यांना दोन फेऱ्या पडल्या आणि त्यांनी सरकारला बरेच ऐकवले. मला मात्र तो नियम योग्य वाटला. नैराश्यावरची काही औषधे चालू असताना किंवा फिट येण्याचा इतिहास असताना ट्रॅमाडॉल धोक्याचे ठरू शकते आणि हे दुकानाच्या काउंटरवर कोणी विचारत नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी कोणीतरी ब्युप्रेनॉर्फिन या अफूवर्गातल्या औषधाची पट्टी सुचवली. कातडीला चिकटवली, की सात दिवस त्यातून औषध हळूहळू झिरपत राहते. कल्पना मोहक आहे, परंतु या पट्टीचा पुरता अंमल चढायला दोन-तीन दिवस जातात, त्यामुळे ताज्या, कमीजास्त होणाऱ्या वेदनेसाठी ती मुळात बनवलेलीच नाही. शिवाय पट्टीवर गरम पाण्याची पिशवी पडली, तर औषध एकदम अधिक शोषले जाते. जाऊबाईंना शेक घेण्याची आवड. मी त्यांना आधी डॉक्टरांना विचारायला सांगितले आणि डॉक्टरांनी पट्टी दिली नाही. त्यांना मधुमेह आहे, म्हणून माझ्यासारखे डेक्सामेथासोनही त्यांना जपून द्यावे लागले असते. या औषधाच्या दोन मोठ्या मात्रांनी गुडघेबदलानंतर लागणारे मॉर्फीन कमी होते, असे डेन्मार्कमधील एका मोठ्या चाचणीत २०२२ मध्ये दिसले आहे आणि मळमळही त्याने थांबते, पण रक्तातली साखर त्याने चढते. मला साखरेचा त्रास नाही. मला एकाच मात्रेने दिवसभर चेहरा लाल आणि डोळे टक्क उघडे असा अनुभव आला.

औषधांखेरीजच्या उपायांत बर्फाला मी पहिला क्रमांक देते, जरी अभ्यासांत त्याचा परिणाम लहानसाच आढळतो. फ्रीजमधल्या ट्रेचे तुकडे पिशवीत भरायचे, पिशवी जुन्या सुती पंच्यात गुंडाळायची आणि वीस मिनिटांच्या वर ठेवायची नाही. उघड्या कातडीवर तर कधीच नाही, कारण टाक्यांच्या बाजूची कातडी बधिर असते आणि गारठून इजा झाली तरी समजत नाही. व्यायामानंतर आणि संध्याकाळी, या दोन वेळा मी ठरवल्या होत्या. पाय उंच ठेवायचा तो टाचेखाली उशी देऊन. गुडघ्याखाली उशी घेतली की फार बरे वाटते, आणि त्या बरे वाटण्यातच गुडघा अर्धवट वाकलेला राहून आखडतो. २०१७ मध्ये आम्ही गुडघा आपोआप वाकवणारे यंत्र भाड्याने आणले होते. ते तासन्‌तास घरघरत असे आणि नातवंडांना त्याची फार मौज वाटे. त्याने वेदनेत किंवा वाकण्यात म्हणण्याजोगा फरक पडत नाही, असे आता मानले जाते, आणि डाव्याच्या वेळी कोणी त्याचे नावही काढले नाही. तेल लावून चोळण्याचा सल्ला मात्र दोन्ही वेळी अर्ध्या कॉलनीने दिला. पोटरीत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असताना चोळणे धोक्याचे असते, हे मी प्रत्येकीला समजावून सांगितले आणि प्रत्येक जण तेलाची बाटली ठेवूनच गेली.

व्यायामाच्या आधी पाऊण तास गोळी, हा नियम मात्र सोन्यासारखा ठरला. फिजिओथेरपिस्ट साडेदहाला येत आणि मी पावणेदहाला गोळी घेई. एकदा ते नऊला आले, तर त्या दिवसाचा 'वाकवताना'चा आकडा चारवरून सातवर गेलेला आहे आणि वाकणे दहा अंशांनी कमी आहे. औषध तेच आणि मात्राही तीच होती.

दुखणे दिवसागणिक उतरत जावे, हे खरे. उतरता उतरता ते पुन्हा चढू लागले, ताप आला, जखमेतून स्राव आला किंवा पोटरी घट्ट होऊन दुखू लागली, तर गोळी वाढवत बसू नये, डॉक्टरांना गाठावे. तसेच, सगळ्यांचेच दुखणे पूर्ण जाते असेही नाही. गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला पुढेही त्रासदायक वेदना राहते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात आहे, आणि शस्त्रक्रियेआधी हे मोकळेपणाने सांगणारे डॉक्टर मला विरळाच भेटले. माझ्या उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला रुपयाच्या चार नाण्यांएवढी जागा अजून बधिर आहे. तिथे डास बसला तरी समजत नाही.

दोन्ही वेळी मी ट्रॅमाडॉलच्या रिकाम्या पट्ट्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत होते. उजव्या गुडघ्याला पाच आठवड्यांत सेहेचाळीस गोळ्या लागल्या आणि डाव्याला नऊ. डाव्याच्या पट्टीतल्या सहा गोळ्या उरल्या, त्या कपाटात असल्याचे समोरच्या वहिनींना कसे कळले कोण जाणे. त्यांची कंबर धरली होती. "तुमच्या पडूनच आहेत ना, मग दोन द्या की," असे म्हणत त्या दारात उभ्या राहिल्या. त्यांना नैराश्यावरची गोळी चालू आहे, हे त्यांनीच मला एकदा सांगितले होते. मी नाही म्हटले, कारणही सांगितले आणि चहा ठेवला. चहा त्यांनी घेतला नाही. गोळ्या मी दुसऱ्याच दिवशी रुग्णालयाच्या औषध विभागात नेऊन दिल्या, आणि वहिनी त्यानंतर महिनाभर जिन्यात भेटल्या तरी मान फिरवत होत्या.